जहाजावरच्या जादा ड्यूट्या: एका नावाचे सात रकाने कसे सोडवायचे

नौदलात असताना आमच्या एका जहाजावर साताऱ्याकडचा एक लीडिंग सीमन, म्हणजे वरच्या पायरीचा खलाशी, होता. मेसमध्ये सगळे त्याला 'सातबारा' म्हणायचे, कारण कुठलाही उतारा काढा, त्यावर त्याचं नाव असायचंच. शिप्स डायव्हर तो, बोट चालवणारा कॉक्सन तो, बोर्डिंग टीममध्ये तो, फायर पार्टीत नॉझल धरणारा तो, सलामीच्या गार्डच्या पहिल्या रांगेत तो, व्हॉलीबॉलच्या संघात तो, आणि मेस कॅन्टीनची वहीही त्याच्याच कपाटात. पोरगा गुणी. 'नाही' हा शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

एकदा समुद्रात टँकरकडून तेल घेणं चाललं होतं. माणसं कमी पडली म्हणून त्या दिवशी दोन जहाजांमधली अंतराची दोरी धरायला त्याला उभं केलं. ही आठवी ड्यूटी. तपासणीला आलेल्या पथकाने नेमकी तीच वेळ साधून मागच्या बाजूने माणसाएवढी डमी पाण्यात टाकली. 'मॅन ओव्हरबोर्ड'ची घोषणा झाली. मागे जीवरक्षक म्हणून दुसरं जहाज ठेवलेलं नव्हतं. बोटीचे बाकीचे गडी धावत पोचले, बोटीत बसले आणि कॉक्सनची वाट बघत राहिले. कॉक्सन इकडे दोरी धरून मान वळवून बघतोय. सोडावी की धरावी? डमी लाटांवर मागे मागे जात ठिपक्याएवढी झाली.

गंमत अशी की आमची ड्यूटी लिस्ट त्या दिवशी पूर्ण भरलेली होती. एकही रकाना रिकामा नव्हता.

गेल्या महिन्यात माझा भाचा रविवारी मानखुर्दला घरी आला. नौदलात पेटी ऑफिसर होऊन त्याला फार दिवस झालेले नाहीत, आणि डिपार्टमेंटच्या ड्यूट्या लावायचं काम नुकतंच त्याच्या गळ्यात पडलंय. "मामा, हे नेमकं सुरू कुठून करायचं?" पहिली गोष्ट त्याला सांगितली ती इथेही सांगतो: खऱ्या जहाजाची यादी घरी आणायची नाही, तिचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही. कोण कुठे असतो आणि कोणत्या रात्री किती माणसं असतात, हे बाहेरच्याला कळण्याची गरज नाही. म्हणून आम्ही १४० माणसांचं एक खोटं जहाज रचलं, माझ्या नातीच्या वह्यांना घालायचा खाकी कागद जमिनीवर पसरला आणि बसलो. पुढचं सगळं त्या खोट्या जहाजाचं आहे. आकडे समजण्यापुरते.

ड्यूट्यांचे तीन ढीग करा

सगळ्या ड्यूट्या एका यादीत कोंबल्या की गोंधळ सुरू होतो, कारण त्या एका जातीच्या नसतात.

पहिला ढीग घड्याळाच्या ड्यूट्यांचा. ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतला, वॉच (पहाऱ्याची पाळी), इंजिनरूम, स्विचबोर्ड, रडार, बंदरात गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीपाशी, उभा असणारा क्वार्टरमास्टर. काही घडो न घडो, तिथे माणूस उभा असतोच.

दुसरा ढीग हाकेच्या ड्यूट्यांचा. भोंगा किंवा घोषणा झाली की त्या जागच्या जागी भरायच्या. जहाज धक्क्यावरून सुटताना आणि लागताना स्पेशल सी ड्यूटीमन, समुद्रात तेल घेताना रासची (रिप्लेनिशमेंट ॲट सी) टीम, माणूस पाण्यात पडला तर उतरवायची सी-बोट, हेलिकॉप्टर उतरताना फ्लाइट डेकवरची माणसं, संशयित नौकेवर चढणारी बोर्डिंग टीम, फायर पार्टी, आग-पाण्याचं नुकसान आवरणारी डॅमेज कंट्रोलची माणसं, प्रथमोपचाराचे गडी, डायव्हर. खरी मारामारी याच ढिगात असते.

तिसरा ढीग वहीचा. मेस सेक्रेटरी, कॅन्टीन, खेळ, वाचनालय, कुठल्याशा समितीचा सदस्य. यांत जीव जात नाही, वेळ जातो. म्हणून त्या वाटताना एकच बघायचं: दुसऱ्या ढिगात ज्याचं नाव तीनदा आलंय, त्याला वही द्यायची नाही. कॅन्टीनचा हिशोब डायव्हरच्या गळ्यात बांधणं म्हणजे शर्यतीच्या बैलाला रहाटाला जुंपणं. या ढिगावर मी याहून जास्त शाई खर्च करत नाही.

प्रत्येक ड्यूटीची एक चिठ्ठी

आता दुसऱ्या ढिगातल्या एकेका ड्यूटीची वेगळी चिठ्ठी लिहा. माणसं किती लागतात, पात्रता काय, ती पात्रता किनाऱ्यावरच्या कोर्सने मिळते की जहाजावरच टास्क बुक, म्हणजे शिकलेल्या कामांची नोंदवही, भरून, शेवटची सही कुणाची, आणि ती पात्रता शिळी कधी होते.

शिळी होण्याचा प्रश्न सगळे विसरतात. डायव्हर कोचीच्या डायव्हिंग स्कूलमधून उत्तीर्ण होऊन आला म्हणजे कायमचा डायव्हर झाला, असं नसतं. ठरलेल्या मुदतीत ठरलेला वेळ पाण्याखाली काढावा लागतो, त्याची नोंद लागते, आणि वैद्यकीय तपासणीही चालू लागते. कान फुटला, सायनस धरला, की कागदावरचा डायव्हर किनाऱ्यावर बसतो. मुंबईत एक सोय आहे: कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात नौदलाची वैद्यकीय संस्था आहे आणि पाण्याखालच्या वैद्यकाचे जाणकार तिथेच बसतात. बंदरात असताना आठवडाभर आधी वेळ ठरवून तपासणी उरकून घ्या. सेलिंगच्या आदल्या दिवशी आठवलं तर काही उपयोग नाही.

लुकआऊटचं तसंच, तिथे रंगदृष्टी बघावी लागते. लाल दिवा आणि हिरवा दिवा यांतला फरक रात्री दोन मैलांवरून कळला नाही, तर समोरचं जहाज डावीकडे चाललंय की उजवीकडे हेही कळत नाही. चिठ्ठीवर 'नजर' असा शब्द लिहून ठेवा. पुढे कुणाला वैद्यकीय श्रेणी लागली तर त्याचं नाव कुठून काढायचं, ते शोधत बसावं लागत नाही.

कागद आडवा धरा

आता मुख्य काम. बहुतेक जहाजांवर यादी उभी असते: वर ड्यूटीचं नाव, खाली माणसं. फायर पार्टी, खाली दहा नावं. बोर्डिंग टीम, खाली आठ नावं. प्रत्येक रकाना भरलेला दिसला की साहेब सही करतात.

तुम्ही कागद फिरवा. डावीकडे माणसांची नावं, वर आडव्या ओळीत प्रसंग. ड्यूट्या नव्हे, प्रसंग: 'जहाज धक्क्याला लागतंय', 'तेल घेतोय', 'माणूस पाण्यात', 'आग, समुद्रात', 'आग, बंदरात', 'हेलिकॉप्टर येतंय', 'नौका तपासायची'. प्रत्येक माणसासमोर, त्या प्रसंगी तो कुठे उभा असेल ते एकाच शब्दात. ड्यूटी भरली की नाही ते उभ्या रकान्यात कळतं, माणूस पुरतोय की नाही ते आडव्या ओळीत. भाच्याने आमच्या खोट्या जहाजावर पंधरा नावं भरली आणि थांबला. "मामा, हा एकच पोरगा चार ठिकाणी आलाय." म्हटलं, "तोच सातबारा. तो प्रत्येक जहाजावर असतो."

चार ठिकाणी नाव असणं हा गुन्हा नाही. छोट्या जहाजावर ते होणारच. प्रश्न एवढाच की त्या चारांपैकी कोणते दोन प्रसंग एकाच वेळी येऊ शकतात.

टकरीची परीक्षा

लग्नाच्या पंगतीत एकच वाढपी एका वेळी दोन ओळींत भात वाढू शकत नाही. इथेही तेवढंच तपासायचंय. फक्त कोणत्या दोन पंगती एकदम बसतील, ते आधी ओळखावं लागतं.

समुद्रावर काही जोड्या नेहमीच्या आहेत. तेल घेणं आणि माणूस पाण्यात पडणं: दोन जहाजं जवळ, डेक ओला, दोऱ्यांवर ताण, पडण्याची शक्यता तेव्हाच जास्त. म्हणून रासच्या टीममधला एकही माणूस त्या वेळच्या सी-बोटीत नको. हेलिकॉप्टर आणि आग: फ्लाइट डेकवर अपघात झाला तर आग लागणारच, तेव्हा फ्लाइट डेकवरचे गडी जहाजाच्या मुख्य फायर पार्टीत मोजू नका. बोर्डिंग टीम आणि दुसरं काहीही: ही माणसं बोटीने निघून गेली की दोन-तीन तास जहाजावर नसतातच, त्यामुळे ती बाहेर असताना फायर पार्टी, प्रथमोपचार आणि तोफेवरची माणसं उरतात का, ते वेगळं मोजा. बोर्डिंग टीममध्ये धडधाकट पोरं घेतात. तीच पोरं श्वसनयंत्र बांधून आगीत शिरायलाही लागतात. घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

जहाज धक्क्याला लागण्याची जोडी मी मुद्दाम वेगळी काढतो. मुंबई बंदरात शिरताना तेवढ्या पाण्यात मालवाहू जहाजं, कोळ्यांच्या होड्या, गेटवेकडून एलिफंटाला जाणाऱ्या लाँची, सगळी एकदम समोर असतात. अनुभवी स्टिअरिंगवाला, अनुभवी लुकआऊट, नांगरापाशी कळता माणूस, सगळे त्या वेळी जागेवर हवेत. ३० जानेवारी २०११ ला आयएनएस विंध्यगिरी मुंबई बंदराच्या तोंडाशीच एका मालवाहू जहाजाला धडकली, तिला आग लागली आणि पुढे ती धक्क्याला आणल्यावर बुडाली. बंदरात शिरताना डॅमेज कंट्रोलची फळी पूर्ण रिकामी करून सगळ्यांना दोऱ्यांवर उभं करायची सवय असेल, तर ही तारीख आठवा.

परीक्षा करायची रीत साधी आहे. दोन प्रसंग निवडा. पहिल्या प्रसंगाच्या रकान्यातली नावं लाल पेन्सिलीने अधोरेखित करा, दुसऱ्याची निळ्या. एखाद्या नावाखाली दोन्ही रंग आले की ती टक्कर. आमच्या खाकी कागदावर पहिल्याच फेरीत नऊ निघाल्या. भाच्याला घाम फुटला, पण नऊपैकी सहा टकरी नुसती नावं इकडची तिकडे करून सुटल्या. उरलेल्या तीन सुटेनात, कारण त्या कामाची पात्रता असलेला दुसरा माणूसच जहाजावर नव्हता. तुमची खरी गरज म्हणजे या तीन. साहेबांकडे जाताना 'मनुष्यबळ कमी आहे' असं मोघम गाऱ्हाणं नेऊ नका, त्या तीन ओळी न्या.

एका जागेला किती माणसं?

समुद्रावर तीन पाळ्यांत एक जागा चालवायची तर तीन माणसं, प्रत्येकी दिवसाचे आठ तास. त्यातला एक रजेवर गेला की दोघांवर बारा-बारा तास. शिवाय साफसफाई, दुरुस्ती, कवायत हे वॉचच्या बाहेरचं. चौथ्या दिवशी माणूस उभ्या उभ्या डुलक्या घेतो. म्हणून तीन पाळ्यांच्या जागेला तिकीट असलेली चार माणसं हवीत, आणि पाचवा शिकत असलेला. तिकीट म्हणजे वॉच एकट्याने सांभाळण्याचा दाखला, हे नौदलाबाहेरच्या वाचकांसाठी.

संध्याकाळचे डॉग वॉच का असतात, हे नवीन पोरं हमखास विचारतात. चार-चार तासांचे सहा वॉच केले तर मिडल वॉच, म्हणजे रात्री बारा ते चार, रोज एकाच माणसाच्या वाट्याला येईल. म्हणून चार ते आठच्या वॉचचे दोन तुकडे पाडले, चार ते सहा आणि सहा ते आठ. दिवसाचे वॉच सात झाले. सात हा विषम आकडा, त्याला तीननेही भाग जात नाही, त्यामुळे पाळी रोज आपोआप सरकते. ज्याने कुणी हे शोधलं त्याचं गणित पक्कं होतं.

माणसं कमी करण्याचा मोह नव्या जहाजांवर जास्त होतो, कारण यंत्रं स्वतःचं स्वतः बरंच करतात. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या नव्या नीलगिरी या युद्धनौकेवर सव्वादोनशेच्या आसपास माणसं असतात. यंत्र बघायला माणूस कमी लागतो हे खरं, पण पाण्यात पडलेल्याला काढायला, आगीत शिरायला, दोर ओढायला माणूस तेवढाच लागतो. अमेरिकेने आपल्या लिटोरल कॉम्बॅट शिपवर, म्हणजे किनाऱ्याजवळ लढायच्या युद्धनौकेवर, मूळ खलाशी ४० च ठेवायचं ठरवलं होतं. ते झेपेना, म्हणून ती संख्या ५० वर न्यावी लागली. चाळिसात दहा म्हणजे पाव हिस्सा वाढला.

दुसऱ्या जहाजाचं तिकीट

ड्यूटी लावणाऱ्याला सगळ्यात गोड वाटणारा माणूस म्हणजे तिकीट घेऊन आलेला. मानखुर्दच्या चित्ता कॅम्पातल्या ब्युरो ऑफ सेलर्सचा बदलीचा आदेश येतो, माणूस पेटी घेऊन गँगवेवर उभा राहतो, कागदावर सगळे शिक्के आहेत. लगेच वॉचवर लावला.

असं करू नका. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकेची युद्धनौका यूएसएस जॉन एस. मॅककेन एका टँकरसमोर येऊन धडकली आणि १० खलाशी गेले. त्या वेळी स्टिअरिंगशी संबंधित जागांवर असलेल्यांपैकी काही जण अँटिटम या दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आणलेले होते. दोन्ही जहाजांची स्टिअरिंगची व्यवस्था वेगळी होती आणि हा फरक त्यांना पुरेसा शिकवलेला नव्हता. सुकाणू कोणत्या कन्सोलकडे आहे यातच गोंधळ झाला. तिकीट होतं, पण त्या पडद्याची ओळख नव्हती.

म्हणून आलेल्या माणसाचं तिकीट जपून ठेवा आणि त्याला आपल्या जहाजाची छोटी परीक्षा द्या. मी चार गोष्टी बघायचो. आणीबाणीत सुकाणू हाताने कसं घ्यायचं ते करून दाखव. डोळे बांधून या कप्प्यातून वर डेकवर ये. तुझ्या जागेजवळचं फायर हायड्रंट, फोमचं बटण आणि टेलिफोन दाखव. आणि रात्रीचा एक पूर्ण वॉच जुन्या माणसाच्या शेजारी उभा राहा. चारही झालं की यादीत नाव, तोवर पेन्सिलीने.

शिकाऊंचंही असंच मोजमाप हवं. ८ नोव्हेंबर २०१८ ला नॉर्वेची हेल्गे इंगस्टाड ही फ्रिगेट पहाटेच्या अंधारात टँकरला धडकून बुडाली. चौकशीत निघालं की ब्रिजवर एकाच वेळी दोन कामांचं शिक्षण चाललं होतं, आणि पात्र नॅव्हिगेटरांच्या टंचाईमुळे वॉच ऑफिसरांना पूर्वीपेक्षा लवकर दाखला मिळत होता. लवकर तिकीट मिळालेला माणूस लगेच दुसऱ्याला शिकवायला उभा. टंचाई अशी पुढे सरकत जाते. माझा नियम: एका वॉचमध्ये एका ठिकाणी एकच शिकाऊ, आणि बंदराच्या तोंडाशी, रात्री, गर्दीच्या पाण्यात एकही नाही. टास्क बुक चार आठवडे उशिरा भरलं तर चालतं.

कोर्स, बदल्या आणि गणपती

भिंतीवरचं कालनिर्णय काढा. खरंच काढा, मी भाच्याला काढायला लावलं.

त्यावर आधी पुढच्या वर्षभरात कुणाची बदली अपेक्षित आहे ते लिहा. मग प्रत्येक 'एकुलत्या' पात्रतेसमोर, म्हणजे जी एकाच माणसाकडे आहे तिच्यासमोर, तो जाण्याआधी दुसऱ्याला कोर्सला पाठवण्याची शेवटची तारीख. डायव्हिंग कोचीला, डॅमेज कंट्रोल लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, वीज जामनगरला वालसुरावर, तोफा कोचीला द्रोणाचार्यवर, स्टोअर आणि स्वयंपाकघराचं इथेच मार्व्याला हमलावर. लोणावळा जवळ म्हणून आपण निवांत राहतो, पण जागा ठरावीक असतात आणि रिफिटमधल्या, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला लागलेल्या, सगळ्या जहाजांना तीच तारीख हवी असते. मागणी लवकर टाका. एका खात्यातले दोन जण एकाच वेळी पाठवू नका, दोघेही एकाच तिकिटाचे असतील तर मुळीच नाही.

अग्निवीरांचा हिशोब वेगळा करावा लागतो. चार वर्षांची भरती, पुढे जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात, आणि त्या चारांतून चिल्कातलं आणि शाखेचं प्रशिक्षण वजा केलं की जहाजावर उरतो तो काळ थोडा. लांब कोर्सची पात्रता तिसऱ्या वर्षी दिली तर ती वापरायची कधी? जहाजावरच लवकर मिळणारी तिकिटं त्यांना पहिल्या वर्षात द्या: बोटीचा गडी, फायर पार्टी, क्वार्टरमास्टरचा मदतनीस. मुलीही आता या तुकड्यांत आहेत. बोटीचा कॉक्सन निवडताना हात आणि डोकं बघा, बाकी काही नाही.

आणि गणपती. पश्चिमेच्या ताफ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाची पोरं कमी नाहीत, मीही गुहागरचाच. भाद्रपद आला की चाकरमानी कोकणात जाणार, त्यात खलाशीही आले. रजा अडवून उपयोग नाही. अडवलेला माणूस अंगाने इथे आणि मनाने आरतीत असतो. त्यापेक्षा जून महिन्यातच विचारून टाका: गणपतीला कोण, दिवाळीला कोण, छठला कोण, ओणमला कोण. कोकणातला पोरगा दिवाळीत थांबतो, बिहारचा गणपतीत. रजेचे अर्ज एकेकटे मंजूर करू नका. आठवड्याच्या आडव्या ओळीत घालून पुन्हा लाल-निळी पेन्सिल फिरवा. दोन डायव्हर, दोघेही गुहागरचे, दोघांच्याही घरी गणपती: ही टक्कर मी डोळ्यांनी पाहिली आहे. चिठ्ठ्या टाकल्या. हरलेल्याला गौरी-विसर्जनानंतर आठ दिवस दिले आणि पुढच्या वर्षी पहिला मान. त्याने पुढच्या वर्षी तो मागून घेतला, मीही दिला.

बंदरातली रात्र

समुद्रावर सगळे जहाजावर असतात. बंदरात सूर्य मावळला की लायन गेटमधून माणसं बाहेर पडतात आणि जहाज चौथाई माणसांवर उरतं. टकरीची परीक्षा खरी इथे लागते.

आमच्या खोट्या जहाजाचा हिशोब मांडतो. कागदावर १४०. रजेवर २०, कोर्सला आणि तात्पुरत्या कामावर १२, आजारी ४. उरले १०४. चौथाईने रात्री २६. त्यात गँगवेचे तीन पाळ्यांचे सहा, इंजिन आणि स्विचबोर्डचे सहा, ड्यूटी ऑफिसर आणि ड्यूटी पेटी ऑफिसर दोन, दारूगोळ्याच्या कोठारांची गस्त घालणारे दोन, एक शेफ, एक मेडिकल असिस्टंट. झाले अठरा. फायर पार्टीला उरले आठ. श्वसनयंत्र बांधून आत शिरणारे चार, त्यांच्या हवेची वेळ मोजणारा एक, पुढारी एक, वीज तोडणारा एक, पंपावर एक. आठ संपले. आता आगीच्या शेजारच्या कप्प्याची भिंत बाहेरून पाणी मारून थंड कोण ठेवणार? पहिल्या चौघांची हवा संपली की आत कोण जाणार?

उत्तर त्या अठरांतच आहे. गँगवेच्या सहांपैकी चार जण कुठल्याही क्षणी झोपलेले असतात, इंजिनचेही तसेच. पण 'ते येतील' असं धरून चालू नका. प्रत्येकाच्या नावासमोर दुसरी जागा लिहा: 'पाळी नसेल तर भिंत थंड करणे', 'पाळी नसेल तर दुसरा श्वसनसंच'. आणि मग त्यांना श्वसनयंत्राची पात्रता आहे का, ते बघा. नसते. तिथून पुढच्या महिन्याची शिकवणी ठरते.

रिफिटमध्ये हे सगळं आणखी अवघड. अर्धी यंत्रं बंद, दारं केबलींनी अडलेली, कामगारांचं वेल्डिंग चालू, आणि निम्मी माणसं दुसऱ्या जहाजांना उसनी दिलेली. १२ जुलै २०२० ला सॅन दिएगोत दुरुस्तीला लागलेली अमेरिकेची युद्धनौका यूएसएस बॉनहोम रिचर्ड पेटली आणि चार दिवसांहून जास्त जळली. शेवटी जहाज मोडीत काढावं लागलं. चौकशी अहवालात दोन गोष्टी आहेत. आगीपर्यंत पाणी पोचवण्याची ठरलेली वेळ सरावात सलग १४ वेळा चुकली होती. आणि फोम सोडणारं बटण कुणीही दाबलं नाही, कारण विचारलेल्यांपैकी एकालाही ते कुठे आहे आणि काय करतं हे नक्की माहीत नव्हतं. माझ्या चार प्रश्नांत फोमचं बटण का आहे, ते आता कळलं असेल.

आपल्याकडे २१ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मुंबईच्या डॉकयार्डात रिफिटला असलेल्या आयएनएस ब्रह्मपुत्रावर आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती आटोक्यात आली, दुपारी जहाज एका कुशीवर कललं, आणि एक लीडिंग सीमन गेला. विंध्यगिरी, बॉनहोम रिचर्ड, ब्रह्मपुत्रा, तिन्ही तारखा कालनिर्णयात मागे जाऊन बघा. तिन्ही रविवार. योगायोग असेल. तरी मी भाच्याला सांगितलं, यादीची परीक्षा मंगळवारच्या हिशोबाने घेऊ नकोस, रविवारच्या घे.

आणि मुंबईत रविवार म्हणजे मेगाब्लॉक. म्हणून खाकी कागदावर नावापुढे आम्ही शेवटी एक रकाना वाढवला: घर कुठे. कुलाब्याच्या नेव्ही नगरातला माणूस फोन केल्यावर थोड्या वेळात जेट्टीवर असतो. मानखुर्दचा हार्बर लाइन चालू असली तर पाऊण तास तरी धरा, बंद असली तर बसच्या रांगेत. रात्रीच्या आणीबाणीला परत बोलावायच्या माणसांत दोन्ही डायव्हर मानखुर्दचे असतील, तर ड्यूट्या अशा लावा की त्यांतला एक नेहमी जहाजावर राहील. सकाळी आठला बदली माणूस पोचला नाही तर जुन्याने जागा सोडायची नाही, हे गँगवेवर लिहून लावा. दरवेळी तोंडी सांगत बसू नका.

ओझं आणि नोंद

सगळ्या टकरी सुटल्या तरी एक गोष्ट उरते. चांगलं काम करणाऱ्यालाच आणखी काम मिळतं, आणि अंग चोरणारा अंग चोरूनच सुखी राहतो. यावर माझ्याकडे एकच उपाय होता: दुसऱ्या ढिगातल्या जास्तीत जास्त तीन जागा, चौथी द्यायची तर एक काढून घ्यायची. आणि डिव्हिजनल ऑफिसरकडे जाऊन त्या माणसाच्या नोंदीत पात्रता चढली की नाही, तिचा भत्ता असेल तर लागला की नाही, ते आपण स्वतः तपासायचं. कोर्स होऊन वर्ष उलटलं आणि सेवापुस्तकात ओळच नाही, असं पाहिलंय. नंतर तो माणूस दुसऱ्या जहाजावर गेला की तिथल्या यादीवाल्याला तो डायव्हर आहे हे कळतसुद्धा नाही.

सातबाराचं नाव आम्ही त्या डमीनंतर पाच रकान्यांतून काढलं. डायव्हर आणि बोट ठेवली. कॅन्टीनची वही एका स्टुअर्डकडे गेली. फायर पार्टी, बोर्डिंग आणि गार्डच्या जागा तीन वेगवेगळ्या पोरांनी घेतल्या आणि त्यातल्या दोघांना आधी लोणावळ्याला पाठवावं लागलं. व्हॉलीबॉलमधून काढलं त्याचा मात्र त्याला राग आला. पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

यादी पूर्ण झाली की वर तारीख आणि 'या आधीची रद्द' एवढं लिहा. एक प्रत गँगवेवर, एक शिस्त बघणाऱ्या रेग्युलेटिंग ऑफिसात, एक डॅमेज कंट्रोलच्या मुख्य ठाण्यावर. जुन्या प्रती स्वतः जाऊन काढा, कारण आगीच्या वेळी लोक भिंतीवर जी दिसेल तीच वाचतात. दर सोमवारी सकाळी रजा, कोर्स आणि आजारी माणसं खोडून लाल-निळी पेन्सिल पुन्हा फिरवायची. सवय झाली की वीस मिनिटं लागतात. भाच्याला पहिल्या सोमवारी अडीच तास लागले.